नागपूर ते कोल्हापूर विमानानं: ५३ मिनिटं, की दीड तास?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका गृहस्थांच्या मावसबहिणीचं लग्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. बरोबर सत्तरीतली आई, तिचे गुडघे दुखतात. त्याच दिवशी सकाळी दहाचं विमान त्यांनी हेरून ठेवलंय. तिकिटावर पोहोचण्याची वेळ ११.३५. पण अंतर सांगणाऱ्या एका साइटवर त्यांना ‘७०२ किलोमीटर, ५३ मिनिटं’ असं दिसलं आणि दुसरीवर ‘७०२ किलोमीटर, १ तास २४ मिनिटं’. त्यांचं म्हणणं, ५३ मिनिटं खरी असतील तर आपण अकराच्या आतच उतरू, मग आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचा खर्च कशाला?

मी मुंबईत सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम केलं. डिस्पॅचर म्हणजे जमिनीवर बसून विमानाचा मार्ग, इंधन, हवामान आणि अडचण आली तर उतरायचं पर्यायी ठिकाण ठरवणारा माणूस. त्या कागदावर कॅप्टनच्या सहीबरोबर आमचीही सही असते. म्हणून आधी अंतराचं सांगते, कारण तेवढा एकच आकडा इथे निर्विवाद आहे.

७०२ किलोमीटर बरोबर आहे. नागपूरला सोनेगाव आणि कोल्हापूरला उजळाईवाडी, या दोन विमानतळांच्या अधिकृत संदर्भबिंदूंमधलं ते सरळ अंतर. आमच्या भाषेत ३७९ सागरी मैल. (सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही नकाशावर कर्कटकाची दोन टोकं ठेवायचो आणि तेच कर्कटक कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर नेऊन मैल मोजायचो. अजूनही नकाशा दिसला की माझा हात तिकडे वळतो.) एखादी साइट चार-सहा किलोमीटर इकडेतिकडे दाखवत असेल, तर तिनं विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरलाय असं समजा.

ही रेषा नकाशावर एकदा ओढून पाहा, मजा वाटेल. नागपूरहून नैऋत्येला निघाली की यवतमाळच्या जरा दक्षिणेकडून जाते, अंबाजोगाईच्या जवळून सरकते आणि जवळजवळ थेट पंढरपूरच्या डोक्यावरून कोल्हापूरला पोहोचते. आगगाडीला हे जमत नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असा अर्ध्या राज्याला वळसा घालून जाते, तिला एक दिवसाहून जास्त लागतो. रस्त्यानं नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूरमार्गे गेलात तर आठशेच्या घरात. शक्तिपीठ महामार्गाचा विषय इथे कुणी काढू नये ही नम्र विनंती.

आता वेळ. तुमच्या पहिल्या साइटनं काय केलंय ते कॅल्क्युलेटरवर करून पाहा: ७०२ भागिले ८००. उत्तर ०.८७७५ तास, म्हणजे ५३ मिनिटं. दुसरीनं ८०० ऐवजी ५०० नं भागलंय, म्हणून १ तास २४ मिनिटं. दोघींनीही ना विमान बघितलंय, ना वारा, ना धावपट्टी. ८०० हा जेटचा ढोबळ वेग. ५०० हा पंखेवाल्या एटीआरचा. केंद्राच्या उडान योजनेतही साधारण ५०० किलोमीटर म्हणजे तासभराचं उड्डाण असाच हिशोब होता आणि त्यावरच २,५०० रुपयांची भाड्याची मर्यादा बसवली होती. त्यामुळे ‘तासाला पाचशे’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आकडे खोटे नाहीत, पण ते मधल्या वाटेचे आहेत. विमान ना सुटल्यासुटल्या ८०० नं जातं, ना ८०० नं उतरतं.

तुमच्या तिकिटावर एक तास पस्तीस मिनिटं आहेत, त्याअर्थी हे छोटं जेट असणार, ५० ते ७६ आसनांचं. एटीआर असतं तर तिकिटावर पावणेदोन-दोन तास दिसले असते. एरवी सगळं सुरळीत असलं तर तुमचे ९५ मिनिटं कसे जातील ते मी डिस्पॅचच्या कागदावर मांडायचे तसं मांडते.

दहा वाजता चाकांखालचे ठोकळे निघतात. वेळेचा हिशोब इथून सुरू होतो. त्या ठोकळ्यांना इंग्रजीत ‘ब्लॉक’ म्हणायचे, म्हणून तिकिटावरच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. ठोकळा निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत. विमानतळावर मात्र कुणी ब्लॉक म्हणत नाही, सगळे ‘चॉक्स ऑफ’, ‘चॉक्स ऑन’ म्हणतात. मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जाणं आणि कुणी उतरत असेल तर थांबणं, यात दहा-बारा मिनिटं जातात. १० वाजून ११ मिनिटांनी चाकं जमिनीवरून उचलली असं धरू.

नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे आणि कोल्हापूर आहे नैऋत्येला. म्हणजे कुठल्याही बाजूनं उडालात तरी सुरुवातीलाच जवळपास काटकोनात वळावं लागतं. वायव्येला उडालात तर डावीकडे, आग्नेयेला उडालात तर उजवीकडे. पहिली दोन-तीन मिनिटं तुम्ही कोल्हापूरच्या जवळ जातच नसता. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. तीस हजार फुटांपर्यंत चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्यात सुमारे ११० सागरी मैल संपतात.

उतरणंही असंच पसरट असतं. वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे, दर हजार फूट उतरायला तीन मैल. तीस हजारांवरून कोल्हापूरच्या दोन हजार फुटांवर यायचं म्हणजे ८४ मैल, वर वेग कमी करायला दहाएक मैल. मार्गातली वळणं धरून एकूण अंतर ४०० मैलांच्या आसपास होतं, कारण विमान तुमच्या रेषेवरून जात नाही, नेमून दिलेल्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे जातं. त्यातले दोनशेहून अधिक मैल चढण्या-उतरण्यात गेले. म्हणजे ८०० चा वेग खऱ्या अर्थानं मिळतो तो निम्म्याच वाटेवर, पंचवीस-सव्वीस मिनिटं. तेवढ्यात हवाईसुंदरी पाण्याची बाटली देऊन रिकामा ग्लास परत मागते.

तर ११ मिनिटं जमिनीवर, २० चढताना, २६ सरळ, २० उतरताना, ५ शेवटच्या टप्प्याची आणि ४ जमिनीवर. बेरीज ८६. म्हणजे ११.२६ ला चॉक्स ऑन. तिकिटावर ११.३५ आहे, मग वरची नऊ मिनिटं कुठून आली? ती कंपनीनं राखून ठेवलेली असतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान ‘वेळेवर’ धरतात, म्हणून वेळापत्रक आखणारे थोडी भर घालतात. मी यात काही गैर मानत नाही. अख्ख्या हंगामाचं वेळापत्रक एकच असतं आणि वारा रोज वेगळा.

घरी बसून हिशोब करायचा असेल तर माझा ठोकताळा वापरा: जेट असेल तर किलोमीटर भागिले ८००, अधिक अर्धा तास. एटीआर असेल तर भागिले ५००, अधिक पंचवीस मिनिटं. नागपूर-कोल्हापूरला पहिला आकडा १ तास २३ मिनिटं येतो, दुसरा १ तास ४९. हेच नागपूर-नांदेडला लावा. ते अंतर २७८ किलोमीटर. जेटला सुमारे ५१ मिनिटं, एटीआरला ५८. अंतर कमी झालं की जेट आणि एटीआरमधला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण तिथे अर्ध्या तासाचं ते ठरलेलं ओझंच जास्त असतं. कमी अंतरावर कंपन्या पंखेवाली विमानं का घालतात याचं अर्धं उत्तर यात आहे, उरलेलं अर्धं इंधनाच्या बिलात.

जूनमधल्या वाऱ्याचं थोडं जास्त सांगते, कारण या प्रश्नात मला सगळ्यात रस त्यातच आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. तेव्हा नागपूरहून कोल्हापूरला जाणारं विमान वाऱ्याच्या तोंडाला असतं आणि परतीचं चटकन येतं. एकाच मार्गाच्या दोन दिशांत पाच-दहा मिनिटांचा फरक सहज पडतो. पावसाळा सुरू झाला की दोन मजले वेगळे होतात. साधारण वीस हजार फुटांच्या खाली नैऋत्येचा, पश्चिमेचा मोसमी वारा आणि त्याच्या बऱ्याच वर पूर्वेकडून येणारा. म्हणजे जुलैतल्या एकाच दिवशी, एकाच मार्गावर, सोळा हजार फुटांवरचं एटीआर वाऱ्याशी झगडत असतं आणि तेहतीस-चौतीस हजारांवरच्या जेटला पाठीमागून हात मिळतो. मी नवी असताना हे कागदावर पहिल्यांदा पाहिलं आणि आपण बेरजेत चुकलो असं समजून सगळं पुन्हा केलं होतं.

कोल्हापूरच्या धावपट्टीनंही पाऊसकाळात तुमची बाजू घेतलेली आहे. ती साधारण पूर्व-पश्चिम आहे, नेमकं सांगायचं तर ०७-२५, म्हणजे होकायंत्रावर ७० आणि २५० अंशांच्या दिशेला. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडाला उतरतं. पश्चिमेचा वारा असेल तर ईशान्येकडून येणारं तुमचं विमान जवळजवळ नाकासमोर उतरतं. पूर्वेचा वारा असेल तर विमानतळाला वळसा घालून, पलीकडे जाऊन, उलट तोंडानं यावं लागतं. सात-आठ मिनिटं जास्त. खिडकीतून गाव दिसतंय आणि विमान पुढेच चाललंय, असं झालं की प्रवासी कासावीस होतात. पायलट विसरला नाहीये, वळसा घालतोय.

इथवर मी जे सांगितलं ते दहा-पंधरा मिनिटांचं खेळणं आहे. तुमचा मुहूर्त चुकवणारी गोष्ट ही नाही. ती गोष्ट म्हणजे ढग.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात पाऊस नुकताच लागलेला असतो किंवा लागायच्या बेतात असतो. सकाळी ढग खाली बसतात. धावपट्टी किती उंचीवरून आणि किती लांबून दिसली पाहिजे याचे नियम असतात, आणि विमानतळावरची उपकरणं जितकी साधी तितकी ही अट कडक. मोठ्या विमानतळावर उपकरणांच्या मदतीनं विमान दोनशे फुटांपर्यंत खाली येऊन धावपट्टी शोधू शकतं. साध्या पद्धतीत त्याच्या दुपटीहून वरच ठरवावं लागतं की उतरायचं की परत वर जायचं. म्हणून मुंबईत मुसळधार पावसात विमानं उतरताना दिसतात आणि लहान गावात ‘नुसत्या ढगानं’ परत फिरतात. लोक म्हणतात पायलट घाबरला. घाबरण्याचा संबंध नाही. नियमानं जेवढं दिसायला हवं तेवढं दिसलं नाही, एवढंच.

म्हणूनच प्रत्येक विमान पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतकं इंधन घेऊन निघतं: वाटेचं, त्यावर थोडी टक्केवारी, पर्यायी ठिकाणापर्यंतचं आणि शिवाय अर्धा तास घिरट्या घालण्याचं. कोल्हापूरसाठी डोळ्यांसमोर येणारं जवळचं ठिकाण बेळगाव, हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत. एका जुलैत मी डेस्कवर असताना आमचं एक विमान कोल्हापूरवर वीस मिनिटं फिरलं, दोनदा खाली आलं, दोनदा वर गेलं आणि बेळगावला उतरलं. हवेतून तेरा-चौदा मिनिटांचं काम. प्रवासी बसनं कोल्हापूरला पोहोचले ते दुपारी तीननंतर. त्यातल्या एका काकांनी नंतर फोन करून मला विचारलं, ‘ताई, आमच्या तिकिटावर तर सव्वाअकरा लिहिलं होतं.’ माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांना हवं होतं ते नव्हतं.

दुसरा धोका जास्त वेळा येतो आणि कमी लोकांना माहीत असतो. या मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या करतं. तुमचं दहाचं विमान त्या दिवसातली त्याची दुसरी किंवा तिसरी फेरी असू शकते. सकाळी दुसऱ्याच कुठल्या गावात धुक्यानं किंवा तांत्रिक कारणानं चाळीस मिनिटं गेली की ती पुढे ढकलली जातात, कारण मध्ये थांबा असतो पंचवीस-तीस मिनिटांचा आणि त्यात भरून काढायला जागा नसते. नागपूरला कडक ऊन आहे, आकाश निळं आहे, आणि तरी विमान नाही. निघायच्या दिवशी सकाळी विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तुमचं विमान आदल्या फेरीला कुठून निघालं ते बघा. कंपनीच्या संदेशाआधी तुम्हाला कळेल.

आता तुमचा हिशोब. ११.३५ ला चॉक्स ऑन. आई व्हीलचेअरवर असेल तर ती सगळ्यांच्या शेवटी उतरेल. लहान विमानतळावर एरोब्रिज नसतो, शिडी असते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या आठ-दहा पायऱ्या म्हणजे खरी परीक्षा. सामानासह बाहेर यायला पंचवीस मिनिटं. उजळाईवाडीहून शहरात नऊ-दहा किलोमीटर, लग्नसराईच्या रहदारीत अर्धा तास. झाले साडेबारा. सगळं वेळेवर घडलं तर तुमच्या हातात पाच मिनिटं उरतात, आणि आईला गाडीतच पैठणी नेसावी लागेल.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: आदल्या दिवशी जा. त्या मार्गावर त्या वारी विमान आहे का ते आधी बघा, अशा फेऱ्या सातही दिवस असतीलच असं नाही. आदल्या दिवशी नसेल तर नागपूर-पुणे विमान आणि तिथून गाडी हा दुसरा रस्ता. पुण्याहून कोल्हापूर २३० किलोमीटर, हायवेची कामं धरून पाच तास ठेवा. तिसरा रस्ता आगगाडी. आईला रात्रभर आडवं होता येईल, हा तिचा मोठा गुण. लग्न तुमच्या घरचं नसतं, मुहूर्ताऐवजी संध्याकाळचं स्वागत समारंभ असता, किंवा महिना जानेवारीचा असता, तर मी त्याच दिवशीच्या विमानाला बिनधास्त हो म्हटलं असतं.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग सांगून ठेवते. कंपनीनं वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर भरपाईची रक्कम नियमात ब्लॉक टाइमवर ठरलेली आहे: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांत ७,५००, त्यावर १०,०००, किंवा मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून होणारी रक्कम, यातलं जे कमी असेल ते. तुमचं तिकीट मधल्या गटात येतं. ‘५३ मिनिटं’ म्हणत बसलात तर स्वतःचंच नुकसान. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीनं करायची असते. मात्र ढगांमुळे किंवा वादळामुळे रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, तेव्हा काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका.

परतीचं एक. कोल्हापूरची धावपट्टी मूळची १,३७० मीटरची, ती वाढवत आणलीय, तरी नागपूरच्या ३,२०० मीटरच्या मानानं लहानच. त्यात गाव दोन हजार फुटांवर. पाऊस लांबला आणि दुपारी ऊन तापलं की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि वजनावर बंधन येतं. अशा वेळी आधी जादा सामान थांबवतात. आहेराची भांडी आणि गुळाच्या ढेपा विमानातून आणायच्या विचारात असाल तर त्या आगगाडीनं येणाऱ्या नातेवाइकांकडे द्या.

आणि व्हीलचेअर लागणार हे तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर पोहोचून नाही. शिडी चढता येत नाही असं वेगळं नोंदवा, कारण ‘व्हीलचेअर’ एवढंच लिहिलं तर शिडीच्या पायथ्यापर्यंतच सोडतात. त्याला पैसे लागत नाहीत.